मेडल हँगर

मेडल हँगर म्हणजे मेडल्स रिबनसकट भिंतीवर टांगून ठेवायचा रॅक, कोणी मेडल स्टँड म्हणतं तर कोणी होल्डर. एक रॉड किंवा पट्टी, ती भिंतीवर धरायला ब्रॅकेट, त्यावर गळ्यात घालायची रिबन अडकवायची, झालं. दिसायला इतकं सोपं आहे म्हणूनच बहुतेक जण विचार न करता बनवून घेतात आणि मग मेडल्स एकमेकांवर चढतात, अर्धी दिसतच नाहीत, पावसाळ्यात रिबनला बुरशी येते.

मुंबईत याची गरज वाढली ती दोन बाजूंनी. २००४ ला सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन आता जानेवारीत होते, हाफ किंवा फुल पूर्ण करणाऱ्याला फिनिशर मेडल मिळतं, आणि एकदा धावायला लागलेला माणूस एका मेडलवर थांबत नाही. दुसरीकडे शाळेतली मुलं, कराटे, स्केटिंग, मल्लखांब, एमएसएसएच्या (मुंबईतल्या शाळांच्या क्रीडा संघटनेच्या) मॅचेस, दहावीपर्यंत डझनावारी मेडल्स जमतात आणि घर असतं वन बीएचके. कपाटात जागा नाही, शोकेस ठेवायला जमीन नाही, उरते ती भिंत. प्लास्टिकच्या पिशवीत घालून बेडच्या बॉक्समध्ये टाकलेली मेडल्स बघितली की खरंच वाईट वाटतं, त्यामागे पोराची सकाळी साडेपाचची प्रॅक्टिस असते.

गळ्यात मेडल घालायची पद्धत तशी फार जुनी नाही. उन्हाळी ऑलिंपिकमध्ये १९६० ला रोममध्ये पहिल्यांदा मेडल गळ्यात घातलं गेलं, तेही रिबनने नाही, साखळीने. म्हणजे खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत जिंकलेलं कांस्यपदक गळ्यात घालायचं नव्हतंच, असं पदक हँगरवर नाही, पेटीतच नीट राहतं. सैन्याची मेडल्स पण वेगळी, ती छातीवर डाव्या बाजूला लावतात, रिबन आखूड आणि ३२ मिलिमीटर रुंद. सावित्रीबाई खानोलकरांनी डिझाइन केलेल्या परमवीर चक्राची जांभळी रिबन पण ३२ मिलिमीटरचीच. घरात कोणाची सैन्यातली मेडल्स असतील तर ती रॉडला न अडकवता काचेच्या फ्रेममध्ये, मानाच्या क्रमानेच लावावीत, तिथे सोयीपेक्षा क्रम मोठा.

आता डिझाइन. सगळ्यात मोठी गफलत रुंदीत होते. दोन फुटी रॉड म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर, रिबन ३ सेंटिमीटरची, म्हणून लोक हिशोब करतात की २० मेडल्स मावतील. पण खाली लटकणारं मेडल ७ सेंटिमीटरचं असतं, म्हणजे शेजारी शेजारी मोकळी ८ च मावतात. जागा ठरते मेडलच्या व्यासावर, रिबनच्या रुंदीवर नाही. यावर सोपा उपाय म्हणजे एक आड एक रिबन रॉडला जास्तीचा वेढा देऊन आखूड करायची, शेजारच्यापेक्षा मेडल ८ सेंटिमीटर वर येईल इतकी, मग त्याच रॉडवर १५-१६ आरामात बसतात आणि प्रत्येकाचा चेहरा दिसतो.

उंचीचं पण तसंच. नेहमीची रिबन ४० ते ४५ सेंटिमीटर लटकते, त्यात मेडल धरलं की अर्धा मीटर गेला, तीन ओळी एकाखाली एक मोकळ्या सोडायच्या तर पाच फूट भिंत हवी, ती मुंबईत कुठून आणणार. म्हणून रॉड १२-१५ सेंटिमीटरवर घेतात आणि रिबन एकमेकांवरून जाऊ देतात. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची, वरचा रॉड भिंतीपासून जास्त पुढे हवा आणि खालचा भिंतीजवळ. म्हणजे वरची मेडल्स खालच्या ओळीच्या रिबनच्या पुढे येतात आणि खालची मेडल्स त्यांच्याही खाली मोकळी दिसतात. उलटं केलं की वरच्या ओळीतली सगळी मेडल्स खालच्या रिबनमागे लपतात. बाजारातल्या बऱ्याच हँगरमध्ये सगळे रॉड भिंतीपासून सारख्याच अंतरावर असतात, मग रिबन आणि मेडल्स एकमेकांत अडकतात. ओळीओळीत २ सेंटिमीटरचा फरक पुरतो, आणि सगळ्यात मागच्या रॉडला भिंतीपासून ३ सेंटिमीटर तरी सोडावेत, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने मेडल हलून रंगावर ओरखडे पडतात.

वजन कमी समजू नये. साधं मेडल १०० ग्रॅम धरलं तरी ४० मेडल्स म्हणजे ४ किलो. (कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं, त्या ऑलिंपिकचं कांस्यपदक ४५५ ग्रॅमचं आणि ८५ मिलिमीटर व्यासाचं, तसली पाच झाली तरी दोन किलोच्या वर.) रॉड ८ सेंटिमीटर पुढे असेल आणि ब्रॅकेटची उंची जेमतेम ४ सेंटिमीटर, तर वरच्या स्क्रूंवर वजनाच्या साधारण दुप्पट ओढ बसते. म्हणून ब्रॅकेट उंच घ्यावा, नाजूक दिसतो म्हणून छोटा घेऊ नये.

भिंत कसली आहे ते ड्रिल करायच्या आधी बघायचं. जुन्या चाळीत आणि जुन्या सोसायट्यांत विटेवरचं प्लास्टर कधी कधी पोकळ असतं, ठोकून आवाज ऐकावा, भद्द वाजलं तर जागा बदलावी. नव्या टॉवरमध्ये मायवान शटरिंगच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात, तिथे साधं ड्रिल चालत नाही, हॅमर ड्रिल लागतं, पण एकदा गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग) बसली की हलत नाही. सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक भुसभुशीत असतात, त्यात नेहमीची छोटी गिट्टी निघून येते, लांब गिट्टी आणि लांब स्क्रू घ्यावा. डबल टेपवर मेडल हँगर लावूच नये, जूनच्या दमटपणात टेप सुटते आणि पीओपीचा पापुद्रा घेऊन खाली येते. भाड्याच्या घरात मालक भोक पाडू देत नसेल तर जमिनीवर उभा राहणारा स्टँड हाच मार्ग.

बाहेरच्या भिंतीवर, खासकरून पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या, शक्यतो नको, पाऊस तिथेच मारतो आणि ओल आतपर्यंत येते. थेट उन्हासमोर पण नको, रिबनचे रंग उडतात. संग्रहालयात नाजूक कापडावर प्रकाश अगदी मंद, ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात, घरात तेवढं जमत नाही, पण आतली भिंत निवडणं तर हातात आहे.

मटेरियलमध्ये लोखंडी लेझर कट आणि त्यावर पावडर कोटिंग हे सगळ्यात चालतं, पण वरळी, वर्सोवा अशा समुद्राजवळच्या घरात कापलेल्या कडांना आधी गंज धरतो आणि त्याचे डाग रिबनवर उतरतात, ते जात नाहीत. तिथे ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्यावं. प्लाय असेल तर वॉटरप्रूफ आणि कडा बंद केलेला. कमी खर्चात करायचं तर पडद्याचा रॉड आणि ब्रॅकेट अगदी उत्तम काम देतात, जाड गोल रॉडवर रिबनला घडीची रेघ पण पडत नाही. नागदेवी स्ट्रीट, लोहार चाळ भागात हार्डवेअर मिळतं, तयार ट्रॉफी-मेडल्सची दुकानं धोबी तलावला. भलंमोठं नाव किंवा धावणाऱ्या माणसाची आकृती कापून घेण्यात अर्धी जागा जाते, माझ्या मते ती जागा रॉडला द्यावी.

रिबन बहुतेक पॉलिस्टरची असते, घामाची तशीच टांगली तर वास येतो आणि बुरशी धरते, आधी मेडल ओलं न करता फक्त रिबन साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवावी. मेडल बहुधा झिंकच्या मिश्रधातूचं, वर पातळ मुलामा, ते ब्रासोने घासलं की मुलामाच निघतो, कोरडं मऊ कापड पुरे. खरी चांदी असेल तर जवळ रबर आणि लोकर ठेवू नये, गंधकाने ती काळी पडते.

रॉडचं एक टोक उघडं आणि जरा वर वळवलेलं ठेवावं, म्हणजे नवीन मेडल सरकवता येतं आणि जुनं काढून कोणाला हातात देता येतं. सुरुवातीलाच निम्मा रॉड रिकामा राहील एवढा लांब करावा. आणि मुलांचा हँगर असेल तर पाहुण्यांच्या नजरेच्या उंचीवर न लावता मुलाचा हात पोचेल एवढ्यावर लावावा, नवीन मेडल त्याने स्वतः अडकवायचं असतं.