प्रोटीनची रिबन आधी हाताने काढली, कॉम्प्युटर नंतर शिकला

कोरोनाच्या काळात टीव्हीवर, पेपरात, व्हॉट्सॲपवर सगळीकडे एकच चित्र फिरत होतं, करडा गोळा आणि त्यावर लाल तुरे. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या अलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स या दोघांनी ते जानेवारी २०२० मध्ये बनवलं, आणि तो लाल रंग त्यांनी निवडलेला आहे. विषाणू असतो साधारण १०० नॅनोमीटरचा आणि डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० च्या आसपास सुरू होते, मग प्रोटीनचा एकेक रेणू तर त्याहून कितीतरी लहान, त्याला कसला आलाय रंग. म्हणजे रेणूचं कुठलंही चित्र घ्या, मोजमाप खरं असतं पण ते दाखवायचं कसं हे कुणीतरी ठरवलेलं असतं.

रंगांचंच बघा. कार्बन काळा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, हायड्रोजन पांढरा. १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी क्रोके या खेळाचे रंगवलेले चेंडू आणि काड्या घेऊन व्याख्यान दिलं तेव्हाचे हे रंग, आज सॉफ्टवेअर उघडलं तरी थोड्याफार फरकाने तेच.

खरी अडचण प्रोटीन आल्यावर झाली. केंब्रिजला जॉन केंड्रू यांनी मायोग्लोबिन या स्नायूंमधल्या प्रोटीनची रचना, म्हणजे त्यातला कुठला अणू कुठे बसतो ते, शोधली, १९५७-५८ मध्ये पहिलं मॉडेल प्लॅस्टिसिनचं, म्हणजे मुलांच्या खेळायच्या मातीसारख्या लगद्याचं, वळवळणाऱ्या आतड्यासारखं दिसणारं, आणि पुढे बारीक तपशील मिळाल्यावर सुमारे २५०० उभ्या सळ्यांचं जंगल, त्यात अडकवलेलं तारांचं मॉडेल. आता त्या सळ्यांमध्ये हात घालून अणू बसवायचे आणि बाहेरून बघावं तर सळ्याच जास्त दिसणार! १९६१ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकासाठी चित्रकार आयर्विंग गाइस यांनी हेच मायोग्लोबिन हाताने रंगवलं तेव्हा कुठे सामान्य वाचकाला ते नीट दिसलं.

कॉम्प्युटर आला एमआयटीत, १९६४ च्या सुमारास. सायरस लेव्हिंथाल आणि सहकाऱ्यांनी स्क्रीनवर रेणू नुसत्या रेषांनी काढला, आणि बाजूला हाताने फिरवायचा एक अर्धगोल ठेवला. तो फिरवला की रेणू फिरायचा, आणि फिरला की डोळ्याला खोली कळायची, थांबवला की परत रेषांचा गुंता. आज आपण माउस धरून रेणू गरागरा फिरवतो त्याची सुरुवात ही. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या कॅरल जॉन्सन यांचा ऑरटेप प्रोग्रॅम आला, त्याची लंबगोल अणूंची चित्रं केमिस्ट्रीच्या शोधनिबंधांमध्ये अजून दिसतात.

१९७१ मध्ये प्रोटीन डेटा बँक, म्हणजे शोधलेल्या रचनांचा सगळ्यांसाठीचा साठा, सुरू झाली, अवघ्या सात रचनांवर. तिची जुन्या पद्धतीची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघा एकदा. ATOM ने सुरू होणाऱ्या ओळी, प्रत्येक ओळीत अणूचं नाव आणि एक्स, वाय, झेड असे तीन आकडे, आणि ओळ ८० अक्षरांची, कारण जुन्या कॉम्प्युटरला माहिती द्यायच्या भोकं पाडलेल्या पंच कार्डात ८० रकाने असायचे. चित्र वगैरे काही नाही, नुसते आकडे, बाकी सगळं आपण करायचं.

आणि इथे माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं नाव येतं, ड्यूक विद्यापीठाच्या जेन रिचर्डसन. १९८१ मध्ये त्यांनी त्यावेळी माहीत असलेल्या प्रोटीनच्या रचना एकाच पद्धतीने काढल्या, प्रोटीनच्या साखळीचा स्प्रिंगसारखा भाग, हेलिक्स, म्हणजे वळलेली रिबन, ताणलेला भाग, बीटा स्ट्रँड, म्हणजे चपटा बाण, मधले भाग दोरीसारखे. कॉम्प्युटरवरून निघालेला नुसता सांगाडा समोर ठेवून, पण रेषा हाताने. हजारो अणू त्यांनी गाळले आणि त्यामुळेच साखळीची घडी कशी पडते ते दिसलं. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवायला किती प्रोटीनं डोळ्याखालून गेली असतील. लेस्क आणि हार्डमन यांनी १९८२ मध्ये तसली चित्रं प्रोग्रॅमने काढून दाखवली, नंतर कार्सन यांचा रिबन्स हा प्रोग्रॅम, १९९१ मध्ये क्राउलिस यांचा मॉलस्क्रिप्ट, सगळे त्याच वाटेने गेले.

तोवर हे सगळं महागड्या ग्राफिक्स मशीनवर चालायचं. १९९३ मध्ये रॉजर सेल यांनी रॅसमॉल हे रेणू दाखवणारं सॉफ्टवेअर सोर्स कोडसकट फुकट दिलं आणि साध्या पीसीवर रेणू फिरायला लागला, ज्या कॉलेजकडे एक कॉम्प्युटर होता त्या कॉलेजकडे प्रोटीन आलं, याचं मोल मला फार वाटतं. २००० मध्ये वॉरन डिलॅनो यांनी पायमॉल हे तसलंच सॉफ्टवेअर आणलं, त्यात ray टाइप केलं की सावल्यांसकट छापण्यालायक चित्र तयार. डिलॅनो २००९ मध्ये गेले, फक्त ३७ वर्षांचे होते.

आता अल्फाफोल्ड या प्रोटीनच्या रचनेचा अंदाज करणाऱ्या एआय प्रोग्रॅमच्या डेटाबेसमध्ये २० कोटींहून जास्त अंदाजाने काढलेल्या रचना आहेत, रिबन तीच रिचर्डसनबाईंची, पण रंगाचा अर्थ बदललाय. गडद निळा म्हणजे अंदाज भरवशाचा, नारिंगी म्हणजे इथे अजिबात विसंबू नका. रंगांचा अर्थ सांगणारी ती पट्टी कापून, प्रोटीनच्या टोकाची नारिंगी शेपटी खरीच तशी असते असं समजून कुणी स्लाइडवर चिकटवली की खरंच जीव तुटतो.