चाकांवरच्या घरातलं ऊन

छोटा कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, भर दुपारी उघड्यावर उभा केला आणि दार लावून घेतलं, तर थोड्याच वेळात आत बसवत नाही. असं का होतं, हे एका साध्या हिशेबातून कळतं. अशा ट्रेलरमध्ये साधारण १२ घनमीटर हवा मावते. तिचं वजन जेमतेम १४ किलो. ती सगळी हवा एक अंशानं तापवायला सुमारे १४ किलोज्यूल उष्णता पुरते. निरभ्र दुपारी उन्हाला समोर असलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर मात्र सूर्य जवळजवळ १००० वॉट ओतत असतो. म्हणजे एवढं ऊन नुसत्या हवेच्या वाट्याला आलं, तर पंधरा सेकंदांत तिचं तापमान एक अंशानं चढेल! प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा गाद्या, फळ्या आणि भिंती शोषून घेतात, म्हणून वेग कमी दिसतो. जाड दगडी भिंतीतून ऊन आत पोचायला कित्येक तास जातात. ट्रेलरच्या दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या भिंतीला तेवढी उसंत मिळत नाही.

म्हणून माझं ठाम मत असं, की एसीचा विचार सगळ्यात शेवटी करावा. आधी ऊन बाहेरच्या बाहेर अडवावं.

सुरुवात छताची. दुपारी आतून छताला तळहात लावून पाहा. गादीवर पडल्यावर अंगाला जी धग जाणवते, ती बरीचशी तिथूनच येते. हवा थोडी थंड झाली तरी तापलेलं छत अंगावर उष्णता फेकत राहतं. पांढरा रंग उन्हाचा सुमारे ८० टक्के भाग परतवून लावतो, काळा रंग तेवढाच किंवा त्याहून जास्त पिऊन टाकतो. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचं गणित मात्र वेगळं आहे. आरशासारखा पत्रा ऊन परतवतो, तर मग तो थंडच राहायला हवा. तरीही उन्हात त्यावर हात ठेवला तर चटका बसतो. याचं कारण असं, की कुठलाही तापलेला पृष्ठभाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपानं उष्णता बाहेर टाकतो, आणि त्या कामात उघडा धातू फार कच्चा आहे. ५० अंश तापमानाला रंगवलेलं छत दर चौरस मीटरला साडेपाचशे वॉटच्या आसपास उष्णता बाहेर फेकतं. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम फेकतं जेमतेम तीस वॉट. आत घेतलेली थोडीशी उष्णताही त्याला सोडवत नाही. पांढरा रंग घेतो कमी आणि सोडतो भरपूर, म्हणून तोच सरस.

त्याहून चांगलं म्हणजे छतावर दुसरं छत. एक ताडपत्री वीतभर उंचीवर ताणून बांधली, तर तापते ती ताडपत्री, आणि मधल्या फटीतून वारा ती उष्णता वाहून नेतो. लँड रोव्हरच्या जुन्या गाड्यांना उष्ण प्रदेशांसाठी असं दुहेरी छत मिळत असे. ताडपत्री छताला चिकटवून टाकली तर फायद्याचा मोठा भाग जातो. चंदेरी फॉइलचंही तसंच आहे. दोन थरांत दाबून बसवलं की त्याला परावर्तनाची संधीच मिळत नाही, शेजारी हवेची पोकळी हवीच.

खिडक्यांच्या बाबतीत बरेच जण आतून पडदा लावतात. पण काचेतून किंवा अ‍ॅक्रिलिकमधून आत आलेलं ऊन पडद्याला तापवतं, आणि तापलेल्या पडद्याचे अवरक्त किरण त्याच काचेतून बाहेर पडू शकत नाहीत. उष्णता आत अडकली ती अडकलीच. झाकण बाहेरून लावा, किंवा खिडकीवर छपरी काढा. ट्रेलर उभा करताना त्याची लांब बाजू पश्चिमेला येऊ देऊ नका. मावळतीकडचं तिरपं ऊन सबंध भिंतीवर पडतं, आणि तेव्हा बाहेरची हवाही सर्वांत तापलेली असते.

एवढं करूनही समजा १००० वॉट आत शिरले. आतली हवा बाहेरच्यापेक्षा फार तर पाच अंशांनी गरम राहावी असं वाटत असेल, तर तासाला सुमारे ६०० घनमीटर हवा बदलावी लागते, म्हणजे सगळी हवा पन्नास वेळा! ऐकायला अचाट वाटलं, तरी छतातल्या १२ व्होल्टच्या चांगल्या पंख्याला हे जमतं. तो हवा बाहेर फेकेल असा लावा आणि सावलीच्या बाजूची, पंख्यापासून लांबची, खालची खिडकी उघडा. पंख्याजवळचीच खिडकी उघडी ठेवली तर वारा तिथल्या तिथे फिरून निघून जातो आणि पलंगावरची हवा जागची हलत नाही.

वायुवीजनानं आतली हवा बाहेरच्याहून थंड होत नाही, ही त्याची मर्यादा. अंगावरचा पंखा घाम वाळवून दिलासा देतो, पण हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा वापरू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा तो शरीर उलट तापवतो. कोरड्या हवेत पाण्याचा कूलर उत्तम. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर पाण्याच्या बाष्पीभवनानं हवा तत्त्वतः २३ अंशांच्या आसपास उतरू शकते. ३५ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला मात्र ती ३० अंशांवर अडते, शिवाय दमटपणा वाढतो. कूलर चालू असताना खिडकी उघडी हवी.

एसी कोरड्या आणि दमट अशा दोन्ही हवांत चालतो, पण विजेचं काय? १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सव्वा युनिटसुद्धा वीज नसते. १००० वॉट खेचणारा एसी तिच्यावर तासभर चालला तरी खूप. ऊन आधीच अडवलं असेल तर लहान एसीवर भागतं.

स्वयंपाक बाहेर करावा. १०० ग्रॅम गॅस जळताना सव्वा युनिटभर उष्णता आणि दीडशे ग्रॅमहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. बंद जागेत विषारी कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो तो वेगळाच.

सूर्य मावळला की ताडपत्री काढून ठेवा. निरभ्र रात्री रंगवलेलं छत थेट आकाशाकडे उष्णता फेकतं आणि आसपासच्या हवेपेक्षाही थंड होऊ शकतं. ताडपत्री मध्ये असली तर ही फुकटची सोय हुकते. रात्रभर खिडक्या उघड्या ठेवा. सकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम होऊ लागली की ताडपत्री पुन्हा ताणा आणि खिडक्या लावून घ्या. हा क्षण हाताला कळत नाही, त्यासाठी दोन साधे तापमापक हवेत, एक आत आणि एक बाहेर सावलीत. पुढे दिवस चढून आतलं तापमान बाहेरच्याला गाठेल, तेव्हा खिडकी उघडून पंखा सुरू करा.