एक मीटर उंचीचं दार: काप्रीच्या निळ्या गुहेची पार्श्वभूमी

इटलीतल्या काप्री बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर आनाकाप्री गावाच्या खाली चुनखडीचा कडा सरळ समुद्रात उतरतो. तिथे पाण्यालगत एक भोक दिसतं, रुंदी सुमारे दोन मीटर आणि उंची, पाणी उतरलेलं असताना, जेमतेम एक मीटर. आत मात्र साठेक मीटर लांब आणि पंचवीस मीटर रुंद दालन आहे. हीच ग्रोत्ता अझ्झुर्रा, म्हणजे निळी गुहा. तिचा सगळा इतिहास या बुटक्या दाराभोवती फिरतो.

रोमन सम्राट टायबेरियस इसवी सन २७ मध्ये काप्रीवर राहायला आला आणि ३७ साली मरेपर्यंत बहुतेक काळ तिथेच होता. गुहेच्या वर ग्रादोला इथे रोमन वाड्याचे अवशेष आहेत. १९६४ साली पाणबुड्यांनी गुहेच्या तळातून नेपच्यून आणि ट्रायटन या सागरदेवतांचे पुतळे वर काढले; ते आता आनाकाप्रीच्या कासा रोस्सा संग्रहालयात आहेत. २००९ मध्ये पुतळ्यांचे आणखी सात चौथरे सापडले. म्हणजे आजचं हे निसर्गाचं नवल एके काळी सजवलेलं राजेशाही जलमंदिर होतं. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरचे रोमन मत्स्यतलाव मोजून काही अभ्यासक सांगतात, की तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे एक मीटर खाली होता. तसं असेल तर हे दार तेव्हा इतकं बुटकं नसणार.

पुढे शतकानुशतकं स्थानिक लोक या जागेला ग्रादोलाचीच गुहा म्हणत आणि भुताखेतांच्या भीतीने टाळत. ऑगस्ट १८२६ मध्ये आउगुस्ट कोपिश आणि एर्न्स्ट फ्रीस हे दोघे जर्मन चित्रकार आंजेलो फेर्रारो या मच्छीमाराच्या सोबतीने आत शिरले. पुढे लाकडी पिंपात पेटतं डांबर ढकललेलं आणि मागून हे पोहत. कोपिशने १८३८ मध्ये ती हकीकत छापली आणि युरोपभरचे प्रवासी काप्रीकडे वळले. याला सर्रास ‘शोध’ म्हटलं जातं. पण वाट दाखवणारा मच्छीमार होता, त्यामुळे हा शब्द आम्हाला पटत नाही.

निळाईचं कारणही दारातच आहे. होडीच्या वाटेखाली, एक-दोन मीटर जाडीच्या खडकापलीकडे, पाण्याखाली दुसरं आणि बरंच मोठं भोक आहे. ऊन तिथून पाण्यात शिरतं. वाटेत पाणी तांबडा रंग शोषतं, उरलेला निळा उजेड वाळूच्या तळावरून वर परततो, आणि दालन खालून उजळतं. पाण्यात बुडवलेला हात किंवा वल्हं रुपेरी दिसतं, कारण त्यावर हवेचे बारीक बुडबुडे चिकटतात. ऊन चढलेलं हवं. ढगाळ दिवशी रंग फिका पडतो.

आत जायचं तंत्र फारसं बदललेलं नाही. मोठी बोट बाहेर थांबते, प्रवासी वल्ह्याच्या छोट्या होडीत उतरतात, एका होडीत फार तर चार. दारात वल्ही पसरायला जागाच नसते, म्हणून खडकाला बसवलेल्या साखळीला धरून नावाडी होडी आत ओढतो. तो लाट ओसरण्याची वाट पाहतो. लाटेच्या माथ्यावर होडी दारात असली तर काठ थेट छताला आपटतो. म्हणूनच सगळ्यांनी होडीच्या तळाशी आडवं व्हायचं, डोकं काठाच्या खाली आणि हात आत. आतला मुक्काम पाचेक मिनिटांचा, कारण येण्याजाण्याची वाट एकच.

कोकणात वाढलेला माणूस इथे आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक शोधेल. पण या समुद्रात भरती-ओहोटीचा फरक बहुतेक तीस-चाळीस सेंटिमीटरच्या आसपास असतो, आपल्यासारखा कित्येक मीटर नाही. दार बंद करते ती लाट. लाटेने पाणी अर्धा मीटर चढलं की मीटरभर उंचीचं दार निम्म्यावर येतं, आणि वायव्येचा माएस्त्राले वारा तर सरळ तोंडावरच आदळतो. हवेचा दाब कमी झाला तरी पाण्याची पातळी वाढते, दर एक हेक्टोपास्कलला (हे दाबाचं एकक) साधारण एक सेंटिमीटर. वारा पडलेला असतानाही लांबून आलेली लाट दारात चढते. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. भूमध्य समुद्राकाठच्या इतर गुहांत स्वतःची कयाक नेणाऱ्यांनी तोंडाशी निदान दहा मिनिटं लाटा पाहाव्यात, शिरस्त्राण घालावं आणि मागे वल्हवत शिरावं, म्हणजे नजर समुद्राकडे राहते. निमुळत्या गुहेत पाणी आतल्या टोकाला बाहेरच्यापेक्षा उंच चढतं.

समुद्राची पातळी किती बदलू शकते हे फ्रान्समधल्या मार्सेयजवळच्या कॉस्केर गुहेत दिसतं. तिचं तोंड आज पाण्याखाली ३७ मीटरवर आहे. आत हातांचे ठसे आणि प्राण्यांची चित्रं आहेत, त्यांतली सर्वात जुनी सुमारे २७,००० वर्षांपूर्वीची. हिमयुगात समुद्र शंभराहून अधिक मीटर खाली होता आणि माणसं तिथे चालत जात.

क्रोएशियाच्या बिशेव्हो बेटावर मात्र माणसानेच दार केलं. तिथल्या निळ्या गुहेची नैसर्गिक वाट पाण्याखालून होती. १८८४ मध्ये खडक फोडून दीड मीटर उंच आणि अडीच मीटर रुंद नवं तोंड पाडलं. होड्या तिथून जातात. दक्षिणेची पाण्याखालची जुनी वाट तशीच आहे, आणि सकाळी अकरा-बाराच्या सुमारास ऊन अजूनही तिथूनच आत येतं.