स्कूटर चालवण्याचे कायदे (मराठवाडा)

सार्वजनिक रस्त्यावर स्कूटर चालवताना मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ लागू होतात. कायदा देशभर एकच आहे. मराठवाड्यात मात्र वयाच्या अटीबद्दल मोठा गैरसमज आहे: सोळाव्या वर्षी कोणतीही स्कूटर चालवता येते. तो दूर होणे फार गरजेचे आहे.

सोळाव्या वर्षी परवाना मिळतो हे खरे, पण तो बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचाच, आणि पालकाची लेखी संमती असेल तरच. लातूरला शिकवणी वर्गांसाठी राहणारी अकरावी-बारावीची मुले चालवतात त्या स्कुटी बहुधा ११० ते १२५ सीसीच्या असतात. त्यांना १८ वर्षे पूर्णच लागतात. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्या नकळत गाडी नेली, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही पालकावरच येते. किल्ली हातात देण्याआधी आईवडिलांनी एवढे तरी वाचावे.

शिकाऊ परवाना ६ महिने चालतो. तोवर गाडीवर पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा आणि शिकवणाऱ्याशिवाय कोणालाही मागे बसवता येत नाही. पक्क्या परवान्यावरही मागे एकच जण. ट्रिपल सीट गुन्हाच. नोंदणी जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात होते: एमएच-२० छत्रपती संभाजीनगर, एमएच-२३ बीड, एमएच-२४ लातूर, एमएच-२६ नांदेड. त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा सक्तीचा आहे. तो नसताना अपघात झाला, तर नुकसानभरपाई मालकाच्या खिशातून जाते, आणि कोरडवाहू शेतावर जगणाऱ्या घराला ती पेलणारी नसते.

आयएसआय चिन्हाचे हेल्मेट चालक व मागे बसणारा, दोघांनाही बंधनकारक आहे. पगडी बांधलेल्या शिखांना कलम १२९ सूट देते; नांदेडच्या सचखंड गुरुद्वारा परिसरात ती रोज लागू पडते. ९ महिने ते ४ वर्षांचे मूल सोबत असल्यास त्याला हेल्मेट व चालकाशी बांधणारा पट्टा हवा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत.

विजेच्या कोणत्याच स्कूटरला परवाना लागत नाही, हा समजही चुकीचा आहे. मोटार २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत, या तिन्ही अटी पाळणारी गाडीच मोटार वाहन ठरत नाही. बाकी साऱ्यांना परवाना, नोंदणी आणि विमा लागतो. विजेच्या खासगी गाडीची नंबरपाटी हिरवी व अक्षरे पांढरी असतात.