सुर्ल्याचा दरीकाठ : भूरचना

सत्तरी तालुक्यातील सुर्ला हे गाव चोर्ला घाटाच्या माथ्यावर, गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या सीमांजवळ वसले आहे. गावाजवळचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, ओलांडून दरीच्या कडेला गेले की वझरा सकला धबधब्याची घळ समोर उघडते. दख्खनचा काळा पाषाण गोव्यात असा उभा कापलेला पाहायचा, तर ईशान्येचा हा कोपराच गाठावा लागतो. राज्याचा बराचसा भाग त्याहून कितीतरी जुन्या खडकांचा आहे.

सड्यावर पायाखाली जांभा दगड लागतो. उष्ण, दमट हवेत मूळ खडक कुजला, त्यातील सिलिका आणि चुना पाण्याबरोबर निघून गेला आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली; म्हणून तो तांबडा आणि सच्छिद्र. घरांसाठीचे चिरे किनाऱ्याकडच्या सखल सड्यांतूनही निघतात. तो जांभा असाच बनलेला असला तरी त्याचा मूळ खडक बहुतांशी वेगळा आहे. हे दोन्ही एकाच थराचे तुकडे मानण्याची चूक सर्रास होते.

कड्यात बेसाल्टचे, म्हणजे त्याच काळ्या पाषाणाचे, थर जवळजवळ आडवे दिसतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून उसळलेल्या लाव्हाचे हे एकावर एक साचलेले प्रवाह. प्रत्येक प्रवाहाचा गाभा घट्ट असतो, माथा मात्र वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला. माथा लवकर झिजतो, गाभा उभा टिकतो आणि कड्याला पायऱ्या पडतात. धबधब्याचे पाणी ठिसूळ थर पोखरते, वरचा घट्ट थर अधांतरी होऊन तुटतो. घळ अशीच डोंगराच्या पोटात शिरत जाते. ऐन पावसात धुक्यामुळे यातले फारसे काही दिसत नाही. थर वाचायचे तर पाऊस ओसरल्यावर यावे.

खाली म्हादईच्या खोऱ्यात गोवा समूह या नावाने ओळखले जाणारे रूपांतरित (उष्णता आणि दाबाने बदललेले) खडक आहेत, 250 कोटी वर्षांहून जुने. त्यांतील एका शैलसमूहाला, म्हणजे एकत्र ओळखल्या जाणाऱ्या थरांच्या गटाला, सत्तरीतल्याच वाघेरी डोंगराचे नाव दिले आहे. लोहखनिजासाठी प्रसिद्ध असलेला डिचोली शैलसमूहही याच कुळातला. हे खडक आणि त्यांवरचा बेसाल्ट यांच्यामध्ये 240 कोटींहून अधिक वर्षांची फट पडते. काठावरून हा सांधा ओळखू येत नाही, कारण उतारावर दाट रान आहे. दूधसागरला मात्र असे आडवे थर शोधू नयेत. तो प्राचीन ग्रॅनाइटवरून उतरतो.