श्रीलंकेला पाठीवर सॅक टाकून निघताना

आमच्याकडून प्रवासाचा आराखडा करून घेतलेल्या प्रत्येकाला आम्ही हा कागद देतो. सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, तळाशी गेला की सापडत नाही.

आधी किनारा कुठला ते ठरवू

श्रीलंकेला दोन पावसाळे आहेत आणि ते दोन वेगवेगळ्या बाजूंना पडतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडचा किनारा, म्हणजे हिक्कडुवा, उनवटुन, मिरिस्सा, खवळलेला असतो. तेव्हा पूर्वेला त्रिंकोमाली आणि अरुगम बे इथे ऊन पडलेलं असतं. डिसेंबर ते मार्च याच्या उलट. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मात्र दोन्हीकडे भिजायची तयारी ठेवा. जुलैत मिरिस्साला देवमासे दाखवा असा हट्ट धरणाऱ्यांना आम्ही सरळ नाही म्हणतो. तिथला हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असतो.

आम्ही फक्त पहिली आणि शेवटची रात्र बुक करतो, तीही नेगोंबोला. विमानतळ काटुनायकेला आहे आणि तिथून कोलंबोपेक्षा नेगोंबो जवळ पडतं. मधल्या रात्री जाणूनबुजून मोकळ्या ठेवतो. एखादं गाव आवडलं तर राहा, नाही आवडलं तर सकाळची बस पकडा.

किनाऱ्याबद्दल फार लिहीत नाही, तिथे सगळं हाताशी मिळतं. एवढंच सांगतो: लाल झेंडा दिसला तर पाण्यात उतरू नका. आणि कोग्गलाला समुद्रात खांबावर बसून मासे धरणारे कोळी आता बहुतेक करून फोटोसाठीच बसतात. फोटो काढलात तर पैसे मागतील, त्यावरून वाद घालू नका.

आतल्या गावांची घड्याळं वेगळी

मातराहून अकुरेस्सामार्गे बस डेनियायाला जाते. सिंहराजा नावाच्या जंगलात शिरायला हे गाव सोयीचं. इथे जळवा आहेत. पँट मोज्यात खोचा आणि जळू चिकटलीच तर हिसका देऊन ओढू नका, नखाने कडेकडेने सोडवा. पूर्वेकडे वेल्लवायाजवळ बुदुरुवगलाला कातळात कोरलेल्या सात मूर्ती आहेत. मधला उभा बुद्ध सुमारे 15 मीटर उंच आहे आणि बरेचदा समोर तुम्ही एकटेच असता.

वेल्लवायाहून घाट चढला की एल्ला येतं. नऊ कमानींचा पूल जरूर पाहा, पण मुक्काम पुढे करा. एल्ला डोंगरात असलं तरी स्वभावाने किनाऱ्यावरचंच गाव झालंय. आमचं मत विचाराल तर हपुतले. सकाळी चहा तोडायला निघालेल्या बायांबरोबर डंबतेन्नच्या कारखान्यापर्यंत बसने जा. हा कारखाना थॉमस लिप्टनने 1890 मध्ये उभारला. तिथून लिप्टन्स सीट या उंचावरून देखावा दिसणाऱ्या जागेपर्यंत मळ्यांतून सुमारे सात किलोमीटर चढण आहे. पहिलीच बस धरा, कारण नऊ-दहा वाजले की ढग खालून वर येतात आणि समोर पांढऱ्या भिंतीशिवाय काही उरत नाही. आम्ही स्वतः पहिल्या खेपेला नाश्ता करून निघालो होतो आणि ती भिंतच बघून आलो.

अशा गावांत संध्याकाळनंतर बस मिळेलच असं धरू नका. उतरल्या उतरल्या कंडक्टरला परतीची शेवटची बस विचारून ठेवा. बसमध्ये पुढच्या जागा भिक्खूंसाठी राखीव असतात, रिकाम्या दिसल्या तरी भिक्खू चढले की उठायचं. मोठी सॅक ड्रायव्हरच्या बाजूला ठेवायला सांगतात, म्हणून पाकीट आणि पासपोर्ट अंगावरच्या छोट्या पिशवीत असू द्या.

रेल्वेची राखीव तिकिटं संपली तरी बिनआरक्षणाचं तिकीट त्या दिवशी खिडकीवर मिळतं. दारात लटकून फोटो काढू नका. बोगदे अंगाला घासून जातात आणि माणसं खरोखर गेली आहेत.

दर पौर्णिमेला सुट्टी

तिला ‘पोया’ म्हणतात. त्या दिवशी दारू विकत मिळत नाही आणि गाड्या भरून वाहतात. मे महिन्यातली वेसाक पोया, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा, मात्र चुकवू नका. घरोघरी कंदील लागतात आणि रस्त्याच्या कडेला मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालतात. 13-14 एप्रिलला नववर्ष असतं, तेव्हा आतल्या गावांतली दुकानं बंद असतात. त्या दिवसांत आम्ही किनाऱ्यावरच थांबायला सांगतो.

देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढला तर तो अपमान समजतात.

शाकाहारी मंडळींसाठी खास

पानात पोल सांबोल येईल. दिसायला आपली ओल्या खोबऱ्याची लाल चटणी, पण तिच्यात बहुतेक वेळा उंबलकड म्हणजे सुक्या माशाचा चुरा असतो. तो डाळीत आणि भाजीतही पडतो, आणि वाढणाऱ्याच्या लेखी ती भाजीच असते. म्हणून ‘शाकाहारी’ एवढं सांगून भागत नाही, ‘उंबलकड एपा’ म्हणा. एपा म्हणजे नको. बेकरीतला त्रिकोणी पाव म्हणजे बहुधा मालू पान, आत मासा. चहाच्या मळ्यांच्या गावांत तमिळ शैव खाणावळी असतात, तिथे डोसा-वडा निर्धास्त खा. ‘हॉटेल’ अशी पाटी दिसली तर आपल्यासारखंच समजा: जेवण मिळेल, खोली नाही. समोर खाऱ्या पदार्थांची भरलेली ताटली आणून ठेवली तर घाबरू नका, खाल्लं तेवढ्याचेच पैसे लागतात.

सिंहली ही मराठीची लांबची बहीण. एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नवय, दहय एवढं पाठ केलंत तर बाजारात ‘कीयद?’ म्हणजे ‘केवढ्याला?’ विचारून उत्तरही कळेल. दुकानातल्या मोठ्या बाईला अक्का म्हणा, तिथेही अक्काच म्हणतात.

आमच्याकडचं आणि तुमच्याकडचं

प्रवासाआधीची ऑनलाइन परवानगी, म्हणजे ईटीए, तुम्ही स्वतः काढायची, तीही श्रीलंका सरकारच्याच संकेतस्थळावरून. तसल्याच दिसणाऱ्या खाजगी साइट जास्तीचे पैसे उकळतात. नियम बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघा. आतल्या गावांत कार्ड चालेलच असं नाही, तेव्हा एटीएम दिसलं की श्रीलंकन रुपये काढून ठेवा आणि सुट्टे जपा.

वाटेत बेत बदलला तर आमची परवानगी लागत नाही. फक्त शेवटच्या रात्री नेगोंबोला पोचणार नसाल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा, म्हणजे खोली दुसऱ्याला देता येईल.