वायूच्या गणितात शून्य कुठलं धरायचं?

जानेवारीत एका सकाळी पुण्यात १२ डिग्री होतं, सिंहगड रोडच्या पंपावर गाडीत ३२ पीएसआय हवा भरली आणि पानशेतला गेलो. दुपारी परत आल्यावर टायरला हात लावला तर चांगलाच तापलेला. अकरावीतली भाची म्हणाली, मामा समजा टायरातली हवा ५२ डिग्रीला आहे, तर आता प्रेशर किती? टायरचा आकार फारसा बदलत नाही म्हणजे व्हॉल्यूम कायम, मग पी१/टी१ = पी२/टी२ (पी म्हणजे प्रेशर, टी म्हणजे टेंपरेचर), तिनं लगेच ३२ गुणिले ५२ भागिले १२ केलं आणि उत्तर आलं जवळजवळ १३९! गाडीच्या टायरात एवढं प्रेशर कधी असतं का!

सूत्र बरोबर होतं, शून्य चुकलं होतं. ० डिग्री सेल्सिअस म्हणजे फक्त पाणी गोठतं ती जागा, तिथं हवेचे रेणू काही थांबत नाहीत, चांगले जोरात पळत असतात. प्रेशर कायम ठेवून वायू थंड करत गेलं की दर डिग्रीला त्याचं व्हॉल्यूम ० डिग्रीला असतं त्याच्या साधारण १/२७३ नं कमी होतं, ती रेषा तशीच मागे ओढली की उणे २७३.१५ ला शून्यावर येते. खरं शून्य ते, केल्विन तिथनं मोजतात. म्हणून २७३ मिळवून १२ चे २८५ आणि ५२ चे ३२५.

तरी अजून एक शून्य राहतंच, आणि हे बरेच जण विसरतात. पंपावरचा काटा बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचं प्रेशर दाखवतो, पंक्चर टायरला काटा शून्य दाखवतो पण आत हवा असतेच ना! पुण्यात बाहेरच्या हवेचं प्रेशर साधारण १४ पीएसआय, ते मिळवून ४६. आता ४६ गुणिले ३२५ भागिले २८५, आले ५२.५, त्यातनं १४ वजा केले की काट्यावर साडेअडतीस.

बॉइलचा १६६२ चा नियम (प्रेशर आणि व्हॉल्यूमचा) असो की चार्ल्सचा (व्हॉल्यूम आणि टेंपरेचरचा), काय कायम आहे ते आधी ठरवायचं, बाकी रीत हीच. बॉइलच्या नियमात टेंपरेचर कायम, त्यामुळे केल्विनचा प्रश्न येत नाही, पण काट्याचं प्रेशर दिलं असेल तर १४ मिळवावेच लागतात.

आणि टायर थंड असतानाच हवा चेक करा असं का सांगतात तेही यातच आहे. दुपारी तापलेल्या टायरातली हवा सोडून काटा ३२ वर आणला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी १२ डिग्रीला तो २६ च दाखवेल, करून बघा.